सहन करावे, पण काय आणि कुठवर?



लेख सुरू करण्यापूर्वी एक छोटी विनंती. आपला मोबाइल घरातले दुसरे कोणी तपासत असेल आणि हा लेख उघडलेला दिसल्यामुळे आपल्याला त्रास होणार असेल, तर तो मैत्रिणीच्या फोनवर किंवा कामाच्या ठिकाणी वाचावा. लेख कुठे पळून जाणार नाही. आपली सुरक्षितता आधी.

गेल्या वर्षी मी सहनशीलतेवरील एका हिंदी लेखाचा मराठी अनुवाद केला. मूळ लेखात 'सहना' हा शब्द वारंवार येत होता. मी त्याला सरळ 'सोसणे' हा प्रतिशब्द दिला. परीक्षा तोंडावर होती, फारसा विचार केला नाही. लेख प्रसिद्ध झाला आणि मी विसरूनही गेले. काही आठवड्यांनी सत्संग संपल्यावर बाहेर चपला शोधताना एक काकू मला म्हणाल्या, "तूच लिहिलंयस ना गं, जो सोसतो त्याचं भलं होतं म्हणून? मी ती ओळ कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय."

मला आनंद झाला. आपले काम कोणाच्या तरी उपयोगी पडले, असे वाटले. मग जिना उतरताना काकूंनी कठड्याला हात लावला, बाही वर सरकली, आणि मनगटापासून कोपरापर्यंतचे काळेनिळे वळ दिसले. "पडले गं," त्या म्हणाल्या. मी काहीच विचारले नव्हते. (काकूंची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

त्या दिवशी मी गप्प राहिले. घरी आल्यावर एकच प्रश्न मनात घोळत राहिला. सहनशीलता हा सद्गुण आहे, हे आपण सगळेच मानतो. मग मार खाऊन गप्प राहणे हीसुद्धा साधनाच का? आणि ती साधना नसेल, तर मी काकूंच्या हातात काय दिले होते?

तितिक्षा कशाला म्हणतात

शास्त्रात सहनशीलतेसाठी 'तितिक्षा' हा शब्द येतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो विचार थंडी-उष्णता आणि सुख-दुःख यांच्या संदर्भात आला आहे. ज्या गोष्टी येतात आणि जातात, ज्यांवर आपला ताबा नाही, त्यांनी मन डळमळू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. पण हा उपदेश कोणाला केला आहे, हेही पाहावे. रणभूमीवर हातपाय गळून बसलेल्या अर्जुनाला तो केला आहे, आणि त्या संवादाच्या शेवटी अर्जुन उठून उभा राहतो. तितिक्षा माणसाला कर्तव्यासाठी उभे करते. माणसाला आणखी खाली बसवणाऱ्या गोष्टीला तितिक्षा हे नाव देता येणार नाही.

संत एकनाथांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पैठणला गोदावरीचे स्नान करून नाथ परतत, तेव्हा एक माणूस त्यांच्या अंगावर थुंके. नाथ पुन्हा नदीवर जात, पुन्हा स्नान करीत. असे वारंवार झाले तरी ते रागावले नाहीत, आणि शेवटी तो माणूसच शरमला. ही कथा सांगून स्त्रियांना "तूही नाथांसारखी हो" असे म्हटलेले मी ऐकले आहे. पण नाथांची आणि घरात मार खाणाऱ्या स्त्रीची स्थिती एक आहे का, याचा विचार करू या.

नाथांना त्या माणसाची भीती नव्हती. त्यांना दुसऱ्या वाटेने घरी जाता आले असते. रात्री त्या माणसाच्या घरात झोपायचे नव्हते, जेवण त्याच्यावर अवलंबून नव्हते, मुले त्याच्या ताब्यात नव्हती. त्यांनी शांत राहणे निवडले, आणि निवड होती म्हणूनच ती क्षमा ठरली. जिथे 'नाही' म्हणण्याची सोय नाही, तिथल्या 'हो'ला संमती म्हणत नाहीत. तसेच जिथे भीतीमुळे दुसरा मार्गच दिसत नाही, तिथल्या गप्प राहण्याला क्षमा म्हणता येत नाही. आणखी एक गोष्ट. नाथांनी स्वतःच्या अपमानाबाबत सहनशीलता दाखवली. दुसऱ्या कोणाला मार पडत असताना त्याला "सोस" असे सांगितले नाही.

बहिणाबाईंनी सांगितले

सतराव्या शतकातील संत बहिणाबाई या तुकोबांच्या शिष्या. त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगांत एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. कोल्हापूरला त्या जयरामस्वामींच्या कीर्तनाला जात, त्यांच्या भक्तीचा बोभाटा झाला, आणि त्यामुळे चिडून पतीने त्यांना मारले. पुढे त्या संसारातच राहिल्या आणि कालांतराने पतीचे मनही पालटले.

इथे आपण फार सावध राहिले पाहिजे. "बघा, बहिणाबाईंनी सोसले आणि नवरा सुधारला" असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण एका घरात जे घडले, तो नियम होत नाही. जिथे नवरा सुधारला नाही, तिथल्या बाईची कथा सांगायला अनेकदा बाईच उरत नाही. शिवाय त्या काळात बहिणाबाईंकडे कोणता दुसरा दरवाजा होता? आजच्या स्त्रीसाठी दरवाजे आहेत. ते असताना न वापरणे म्हणजे साधना नव्हे.

मला बहिणाबाईंच्या चरित्रातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. त्यांनी हे लपवले नाही. पतिव्रताधर्मावर श्रद्धा असणाऱ्या या स्त्रीने आपल्याला मार पडला हे स्वतःच्या शब्दांत सांगून ठेवले. घरची गोष्ट बाहेर सांगितली म्हणजे धर्म बुडाला, असे त्यांना वाटले नाही. आपल्या परंपरेतल्या एका संत स्त्रीने जे सांगितले, ते सांगायला आपण का लाजावे?

न सांगण्याचे प्रमाण मात्र मोठे आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 18 ते 49 वयोगटातील विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के स्त्रियांनी पतीकडून कधी ना कधी हिंसा अनुभवली आहे. हिंसा अनुभवलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या फक्त 14 टक्के होत्या. त्याच सर्वेक्षणात 45 टक्के स्त्रियांनी आणि 44 टक्के पुरुषांनी असे मानले, की काही कारणांसाठी पतीने पत्नीला मारणे योग्य आहे. म्हणजे मारणारा हात एकाचा असला, तरी त्याला बळ देणारी समजूत आपल्या सगळ्यांची आहे.

"हे माझे प्रारब्ध आहे"

साधना करणाऱ्या स्त्रिया हे वाक्य फार वेळा बोलतात. प्रारब्धाचा सिद्धांत मी नाकारत नाही. पण ताप आला तर आपण प्रारब्ध म्हणून पडून राहत नाही, डॉक्टरकडे जातो. घराला आग लागली तर प्रारब्ध म्हणून आत बसत नाही. मग हात उगारला गेला तरच प्रारब्ध का आठवावे? ज्याने हात उगारला, ते त्याचे आजचे, स्वतः निवडलेले कर्म आहे. त्याचा हिशेब आपल्या खात्यावर चढवू नये. आणि मदत मागणे हे आपले आजचे कर्म आहे. सिद्धांत पुरा मानायचा, तर क्रियमाण कर्मही मानावे लागेल.

दुसरे वाक्य असते, "मी त्याला क्षमा केली आहे." मी वाणिज्य शाखेत शिकते, म्हणून मला हिशेबातले उदाहरण सुचते. व्यापारी एखादे बुडीत कर्ज वसूल होणार नाही असे पाहून वहीतून काढून टाकतो. त्या रकमेसाठी झुरणे तो थांबवतो, आणि त्यात शहाणपण आहे. पण म्हणून तो त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी नवी उधारी देत नाही. क्षमा म्हणजे मनातला द्वेष काढून टाकणे. पुन्हा त्याच धोक्यात जाऊन उभे राहायचे की नाही, हा वेगळा निर्णय आहे. दूर राहून, न्यायालयात अर्ज करूनही क्षमा करता येते.

आणि ज्याच्या हातून हिंसा घडते, त्याचा विचार केला तरी उत्तर तेच येते. त्याला रोज पाप करू देणे ही त्याची सेवा कशी होईल? त्याला थांबवणे हेच त्याचे हित आहे. मात्र ते थांबवण्याचे काम एकट्या बायकोने चार भिंतींत करायचे नसते. त्यासाठी समाज आहे, कायदा आहे.

कायद्याने दिलेले दरवाजे

महाराष्ट्रात, कर्नाटकात, मध्य प्रदेशात, गुजरातेत, तेलंगणात, आपण भारतात कुठेही राहत असाल, तरी पुढील गोष्टी आपल्यासाठी आहेत.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 साली संमत झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. या कायद्यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे. सतत अपमान करणे, धमक्या देणे, मूल होत नाही म्हणून टोमणे मारणे, लैंगिक जबरदस्ती, खर्चाला पैसे न देणे, पगार किंवा स्त्रीधन काढून घेणे, हे सारे त्यात येते. पत्नीप्रमाणेच त्या घरात राहणारी आई, बहीण, मुलगी, विधवा सून यांनाही हे संरक्षण आहे.

पुष्कळ स्त्रिया पुढे येत नाहीत, कारण "तक्रार म्हणजे घटस्फोट आणि नवऱ्याला तुरुंग" असे त्यांना वाटते. या कायद्याखाली घटस्फोट न घेताही दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षण आदेश मिळू शकतो. त्याचबरोबर राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चासाठी रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई मागता येते. घर नवऱ्याच्या नावावर नाही म्हणून बाहेर काढता येत नाही. सासऱ्यांच्या मालकीचे घरही सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले आहे. संरक्षण आदेश मोडणे हा गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आपण माहेरी किंवा दुसऱ्या गावी तात्पुरत्या राहत असाल, तर तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो.

हा अर्ज करायला मदत करण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. 'सखी' नावाची वन स्टॉप सेंटर 2015 पासून सुरू झाली आहेत. तिथे तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, समुपदेशन आणि कायद्याचा सल्ला एकाच ठिकाणी मिळतो. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पोलिसांच्या आवारातच महिलांसाठी विशेष कक्ष आहे. त्याची सुरुवात 1984 साली मुंबईत झाली. वकिलाच्या फीची चिंता असेल, तर स्त्रीला उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. पती किंवा सासरच्यांकडून होणारा क्रूर छळ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली वेगळा फौजदारी गुन्हाही आहे. पूर्वी तोच 498-अ या नावाने ओळखला जाई.

हे क्रमांक पाठ करून ठेवावेत. तातडीच्या धोक्यात 112. महिला हेल्पलाइन 181. मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100. मुलांसाठी 1098. घरातील ज्येष्ठांवर अत्याचार होत असेल तर 14567. मन खचले असेल आणि कोणाशी तरी बोलावेसे वाटत असेल तर 14416.

सुरक्षितता हीसुद्धा साधना

साधनेत आपण तयारीला महत्त्व देतो. इथेही तयारी लागते.

भांडण वाढते आहे असे दिसले, तर स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळावे. बाहेर जायला दार असलेल्या खोलीत थांबावे. विश्वासातल्या एका शेजारणीशी एखादा साधा शब्द ठरवून ठेवावा. तो शब्द फोनवर ऐकला की तिने 112 ला कळवायचे. मुलांना भांडणात मध्ये न पडता शेजारी जायला शिकवावे.

आधार कार्ड, पॅन कार्ड, पासबुक, विवाह प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले, दागिन्यांच्या पावत्या यांच्या प्रती, थोडी रोकड आणि रोजची औषधे घराबाहेर विश्वासू व्यक्तीकडे ठेवावीत. स्वतःच्या नावाचे बँक खाते असावे आणि त्याला स्वतःचाच मोबाइल क्रमांक जोडलेला असावा. फोनचे लोकेशन किंवा ईमेल दुसऱ्याच्या फोनवर उघडे नाही ना, हे कोणा जाणकाराकडून पाहून घ्यावे.

डॉक्टरांकडे गेल्यास "पडले" असे सांगू नये. खरे कारण सांगावे म्हणजे त्याची नोंद होते. जखमांची छायाचित्रे आणि धमकीचे संदेश दुसऱ्या कोणाकडे पाठवून मग आपल्या फोनमधून काढून टाकावेत.

काही खुणा दिसल्या तर वाट पाहू नये. गळा दाबणे, ठार मारण्याची धमकी, हत्यार किंवा रॉकेल हाती घेणे, गरोदरपणात मारणे, सतत पाठलाग. विशेषतः गळा एकदा जरी दाबला असेल, तरी पुढे जीव जाण्याचा धोका फार वाढतो आणि बाहेर खूण नसली तरी आत इजा असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर आणि मदत दोन्ही गाठावे. घर सोडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, म्हणून "मी जाते" असे रागाच्या भरात जाहीर करू नये. आधी 181 वर किंवा सखी केंद्रात बोलून, ठरवून निघावे.

सत्संगातल्या आपल्या सर्वांसाठी

आता तुमच्याशी, ज्यांच्या घरी हे घडत नाही त्यांच्याशी. कौरवसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला, तेव्हा भीष्मांसारखे ज्ञानी बसले होते. धर्माची गती सूक्ष्म आहे, असे म्हणून त्यांनी उत्तर टाळले. त्यांच्या ज्ञानावर आपण आजही शंका घेत नाही, पण त्या सभेची आठवण निघाली की आपल्याला त्यांची लाज वाटते. आपल्या सत्संगात एखादी ताई वळ झाकून बसली असेल, तर ती सभा वेगळी नाही.

कोणी सांगितले, तर पहिले वाक्य असावे, "माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझा दोष नाही." "तू काय बोललीस?" हा प्रश्न विचारू नये. नवऱ्याला समोर बसवून समेट घडवण्याचा उत्साह दाखवू नये, कारण त्याची शिक्षा तिला घरी मिळते. ती कुठे गेली हे कोणालाही सांगू नये, मग तो विचारणारा आपल्याच केंद्राचा जुना साधक का असेना. निर्णय तिचा तिलाच घेऊ द्यावा. ती परत गेली तरी रागावू नये, दार उघडे ठेवावे. हिंसा घडते आहे असे वाटण्याला सबळ कारण असेल, तर कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकते. प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्यावर कायद्याने कोणतीही जबाबदारी येत नाही.

मी स्वतः हे सारे लगेच केले नाही. दोन आठवडे लागले. मग काकूंना एकट्या गाठून म्हटले, "काकू, ती ओळ मी नीट लिहिली नव्हती. तुम्हाला मार पडत असेल, तर तो सोसा असं मला म्हणायचं नव्हतं." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढंच कोणीतरी सांगायला हवं होतं."

पुढे केंद्रातल्या एका ज्येष्ठ ताई त्यांच्याबरोबर सखी केंद्रात गेल्या. आज काकू त्याच घरात राहतात, त्यांच्याकडे न्यायालयाचा संरक्षण आदेश आहे. सगळे सुरळीत झाले असे मी लिहिणार नाही, कारण ते खरे नाही. त्या अजूनही काही रात्री दचकून उठतात. पण त्या आता "पडले" असे म्हणत नाहीत. आणि तो जुना अनुवाद संपादकांना सांगून मी दुरुस्त करून घेतला आहे. 'सोसणे' काढून तिथे 'तितिक्षा' लिहिले आहे, आणि तितिक्षा म्हणजे अन्यायापुढे गप्प बसणे नव्हे, अशी एक ओळ खाली जोडली आहे.

वाचकहो, आपण स्वतः हे भोगत असाल, तर आपल्या आत जो परमेश्वर आहे असे आपण रोज म्हणतो, त्याच्यावर हात उगारला जातो आहे हे लक्षात घ्या. त्या देवळाचे रक्षण करणे हा अहंकार नाही, ती पूजाच आहे. आज एका व्यक्तीला, फक्त एकाच व्यक्तीला, खरे सांगा.

आणि आपण हे भोगत नसाल, तर या आठवड्याचा संकल्प असा करू या: कोणी खरे सांगू लागले, तर मी ऐकेन, विश्वास ठेवीन आणि तिच्यासोबत दारापर्यंत चालत जाईन.